मुक्याचा होकार

आमच्या नगरच्या घराच्या कुंपणाला पिवळ्या कण्हेरीची एक रांग आहे. आमच्याकडे हिला बिट्टी म्हणतात. ही मूळची अमेरिका खंडांतील. पण आतां ती आपल्या मातीशीं इतकी एकरूप झाली आहे कीं, तिला परकी म्हणण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. गुरें हिला तोंड लावीत नाहींत, म्हणून कुंपणाला ती सोयीची. तिच्या फळांतील टणक बिया घेऊन शेजारचीं मुलें अंगणांत खेळूं लागलीं, कीं घरांतून कोणी तरी वडील माणूस 'तोंडांत घालूं नका रे, विष आहे तें!' म्हणून ओरडतें. हें ओरडणें आम्हीं लहानपणीं पुष्कळ ऐकलें, आणि आतां आम्ही स्वतः ओरडतों.

या बिट्टीकडे आम्ही नव्या दृष्टीनें पाहूं लागलों त्याला कारण झाला एक संशोधनाचा वृत्तांत. मेंदूचा रक्तप्रवाह तुटला असतां त्यांतील पेशी कोणत्या द्रव्यानें वांचतात, याचा शोध अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतले कांहीं संशोधक करीत होते. त्यांनीं उंदराच्या मेंदूचे पातळ जिवंत काप घेऊन त्यांवर पूर्वीं ठाऊक असलेलीं औषधें व वनस्पतींतील द्रव्यें एकामागून एक घालून पाहिलीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत ज्या द्रव्याचें नांव पुढें आलें, तें नेरिफोलिन. म्हणजे आमच्या कुंपणावरच्या बिट्टीच्या बियांतलें विष. हें विष हृदयाच्या औषधांच्या कुळांतलें आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें १७८५ सालीं ज्या डिजिटॅलिस वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, आणि जिचा सुगावा त्याला श्रॉपशरमधील एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती काढ्यांतून लागला होता, तिच्यांतील द्रव्याचें हें चुलत भावंड. अशक्त हृदयाचें आकुंचन जोरदार करणें हें या कुळाचें परंपरागत काम. तेंच द्रव्य गुदमरलेल्या मेंदूला तगवूं शकेल, असें या प्रयोगांत दिसून आलें.

वाचकांनीं यावरून घाईनें आशा बांधूं नये. उंदरांत जें दिसलें तें माणसांत सिद्ध झालेलें नाहीं, आणि या क्षेत्रांतील अनुभव फार कडू आहे. पक्षाघातांत मेंदू वांचविण्यासाठीं प्रयोगशाळांतून तपासलेल्या उपायांची मोजदाद २००६ सालींच एका समीक्षेंत झाली, तेव्हां ती संख्या १०२६ भरली. आणि त्यांतील एवढ्या उपायांनीं उंदीर वांचले असतां माणसाच्या बिछान्याजवळ मात्र जवळजवळ सारेच निरुपयोगी ठरले. निमोडिपीन हें रक्तवाहिन्या सैल करणारें औषध घ्या. मेंदूच्या आवरणाखालीं रक्तवाहिनी फुटून रक्त पसरतें, त्या प्रकारांत त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु गुठळीनें होणाऱ्या नेहमींच्या पक्षाघातांत त्यानें लाभ दाखविला नाहीं, आणि शिरेंतून मोठ्या मात्रेनें दिलें असतां रक्तदाब उतरून रोग्याचें अधिकच नुकसान झालें. हेतु चांगला, तर्कहि चांगला, परंतु फळ वाईट.

परंतु आज आम्ही लिहीत आहों तें वैद्यकावर नव्हे. तो आमचा विषय नाहीं. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र हे विषय तीस वर्षें शिकवीत आलेल्या माणसाला या सर्व प्रकरणांत एक निराळाच प्रश्न दिसतो. पाय मोडलेला मनुष्य 'कापा' किंवा 'कापूं नका' असें स्वतः सांगूं शकतो. पक्षाघातांत ज्या अवयवाला इजा होते, होकार किंवा नकार द्यावयाचा तोहि त्याच अवयवानें. मग ज्या औषधानें कदाचित् वांचेल आणि कदाचित् मरेलहि, तें औषध देण्याचा होकार कोणीं द्यावा? आणि ज्यानें तो दिला, त्यानें तो कोणाच्या वतीनें दिला?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकांतून सुचला असें आम्ही म्हटलें तर तें खोटें होईल. चार वर्षांपूर्वीं तो आमच्यासमोर एका कागदाच्या रूपानें आला, आणि त्या कागदावर आम्हांला सही करावयाची होती.

आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, पारनेर तालुक्यांतील आमच्या गांवीं राहतात. त्यांना रक्तदाबाचा विकार पुष्कळ वर्षांचा. परंतु कांहीं महिन्यांपासून त्यांनीं गोळ्या सोडल्या होत्या. कारण विचारलें असतां म्हणत, 'मला कांहीं होत नाहीं, मग गोळी कशाची घेऊं?' एके दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास ओसरीवर वर्तमानपत्र वाचतां वाचतां त्यांच्या हातांतून तें गळून पडलें. तोंड वांकडें झालें, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. गांवांत लोक म्हणाले, 'अण्णांच्या अंगावरून वारं गेलं.' गाडी मिळवून त्यांना नगरला आणीपर्यंत साडेअकरा वाजले. मेंदूची तपासणी झाली; रक्तवाहिनींत गुठळी होती, रक्तस्राव नव्हता. तरुण डॉक्टर आमच्याकडे येऊन म्हणाले, 'गुठळी विरघळवणारें इंजेक्शन देतां येईल. सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि जितकें लवकर तितकें चांगलें. यानें मेंदूंत रक्तस्राव होण्याचा धोका आहे. आपली संमति हवी.'

या औषधाचा इतिहास त्या वेळीं आम्हांला माहीत नव्हता. पुढें मुद्दाम वाचला. टी.पी.ए. या नांवाचें हें द्रव्य मूळ हृदयविकाराच्या झटक्यावरचें. अमेरिकेंत त्याला १९८७ सालीं मान्यता मिळाली ती हृदयासाठीं. मेंदूसाठीं त्याची मोठी परीक्षा १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ६२४ रोगी होते. तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ववत् झालेल्यांचें प्रमाण औषधानें शेंकडा सुमारें १२ नें वाढलें. उलट मेंदूंत लक्षणें दाखविणारा रक्तस्राव होणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ०.६ वरून ६.४ वर गेलें. त्याच जातीचें स्ट्रेप्टोकायनेज हें औषध हृदयाच्या झटक्यांत असंख्यांचे प्राण वांचवीत होतें. तें पक्षाघातांत देऊन पाहिलें, तेव्हां रक्तस्रावानें इतके रोगी दगावले कीं परीक्षा मध्येंच थांबवाव्या लागल्या. टेनेक्टेप्लेज हेंहि असेंच हृदयाकडून मेंदूकडे आलेलें औषध. आपल्या पुण्याची जेनोव्हा ही कंपनी तें तयार करते, आणि पक्षाघातासाठीं तें वापरण्याची परवानगी आपल्या देशांत अमेरिकेच्या आधीं कित्येक वर्षें मिळाली. अमेरिकेनें ती २०२५ सालीं दिली.

यांतील एकहि आंकडा त्या दिवशीं आमच्या हाताशीं नव्हता, आणि असता तरी आम्हीं काय केलें असतें हें सांगवत नाहीं. आम्हीं काय केलें तें मात्र सांगतों. आम्हीं मुंबईच्या पुतण्याला दूरध्वनि केला. त्यानें आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारतों म्हणून सांगितलें. नाशिकच्या बहिणीला विचारलें. ती रडूं लागली. वहिनी एवढेंच म्हणाल्या, 'भाऊजी, तुम्ही शिकलेले आहांत, तुम्हांला योग्य वाटेल तें करा.' या वाक्यानें आमचें ओझें हलकें झालें नाहीं, उलट वाढलें. आम्ही पुतण्याच्या उत्तराची वाट पाहत बसलों. डॉक्टर दोनदां येऊन गेले. चाळीस मिनिटांनीं आम्हीं सही केली. मोठ्या गुठळीच्या पक्षाघातांत दर मिनिटाला मेंदूच्या सुमारें १९ लाख पेशी नष्ट होतात, असा एका शास्त्रज्ञाचा हिशेब आहे. आमच्या चाळीस मिनिटांचा गुणाकार वाचकांनीं करावा. आम्हीं तो अनेक रात्रीं केला आहे.

त्या चाळीस मिनिटांत आमच्या मनांत जो विचार बळावला होता, तो पुष्कळांच्या मनांत येत असेल, म्हणून त्याची परीक्षा करूं. तो विचार असा: 'सही केली आणि अण्णा गेले, तर मीं मारले, सही केली नाहीं आणि अण्णा लुळे राहिले, तर तें दैव.' वर्गांत विद्यार्थ्यानें असें लिहिलें असतें, तर आम्हीं समासांत 'हेत्वाभास' असा शेरा मारला असता. औषध न देणें हाहि एक निर्णयच आहे, आणि त्याचेंहि फळ असतें. परंतु करण्याच्या पापाला कर्ता असतो, न करण्याचें पाप मात्र दैवाच्या खात्यावर सहज लिहितां येतें. आमच्या विलंबाचें खरें कारण अण्णांचें हित नव्हतें. उद्यां नातेवाईक आम्हांला काय म्हणतील, ही भीति होती. पुतण्याला विचारलें तें सल्ल्यासाठीं कमी, आणि दोषांत वांटेकरी मिळावा म्हणून अधिक. हें लिहितांना आम्हांला संकोच वाटतो. परंतु नीतिशास्त्राच्या अभ्यासकानें दुसऱ्याच्या मनाची चिरफाड करावी आणि आपलें झांकून ठेवावें, हें न्यायाचें नाहीं.

याच्या उलट बाजूचाहि एक मोह आहे, आणि तो डॉक्टरांचा व संशोधकांचा. 'विलंब घातक आहे, रोगी बोलत नाहीं, नातेवाईक गोंधळलेले आहेत. मग आम्हांला ठाऊक आहे तेंच आम्ही करूं.' हा विचार स्वाभाविक आहे. परंतु निमोडिपीन व स्ट्रेप्टोकायनेज यांची हकीकत ज्यानें वाचली, त्याला तो धोक्याचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. ज्यांनीं तीं औषधें दिलीं तेहि सज्जन होते, आणि त्यांनाहि 'ठाऊक' होतें. म्हणून जगानें या बाबतींत नियम केले. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ सालीं न्यूरेंबर्ग येथें जी संहिता तयार झाली, तिनें प्रयोगाला मनुष्याची स्वेच्छेची संमति अपरिहार्य मानली. अत्याचाराच्या आठवणीनें पोळलेल्या लोकांनीं तें लिहिलें होतें, आणि तें योग्यच होतें. परंतु तें अक्षरशः पाळलें, तर वाचा गेलेल्या रोग्याच्या रोगावर कधींहि संशोधन होणार नाहीं, आणि मुक्यांचा रोग कायमचा मुका राहील. म्हणून १९६४ च्या हेलसिंकीच्या घोषणेनें अशा रोग्याच्या वतीनें कायदेशीर प्रतिनिधीला संमति देण्याची वाट मोकळी केली. अमेरिकेनें १९९६ सालीं अत्यंत तांतडीच्या प्रसंगीं, कडक अटी घालून, पूर्वसंमतीवांचूनहि संशोधनाला मुभा दिली. आणि आपल्याकडील २०१९ च्या नियमांतहि असा प्रतिनिधि मान्य आहे.

प्रतिनिधि! या शब्दावर आम्ही पुष्कळ वेळ अडखळलों आहों. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ सालीं 'ऑन लिबर्टी' या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, स्वतःच्या शरीरावर व मनावर व्यक्तीचीच सत्ता आहे. आमच्या आजोबांच्या पिढीपासून नव्या शिक्षणानें वाढलेल्या मराठी माणसाला हें तत्त्व पटलेलें आहे. तें खरें असेल, तर प्रतिनिधीच्या हातीं येतो तो त्या सत्तेचा केवळ निरोप. सत्ता त्याची होत नाहीं. 'मला काय बरें वाटतें?' हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हे. 'अण्णा बोलते असते तर काय म्हणाले असते?' हा त्याचा प्रश्न. आम्ही त्या दिवशीं पहिल्या प्रश्नांत चाळीस मिनिटें घालविलीं, आणि दुसरा आम्हांला सुचलाहि नाहीं. वास्तविक त्याचें उत्तर सोपें होतें. अण्णा आयुष्यभर शेतकरी. पाऊस पडेल कीं नाहीं याची खात्री नसतांना दर वर्षीं त्यांनीं पेरणी केली. शंभरांत सहांना धोका आहे आणि बारांना लाभ आहे, असें कोणी त्यांना सांगितलें असतें, तर त्यांनीं क्षणाचाहि विलंब लावला नसता.

अण्णा वांचले. रक्तस्राव झाला नाहीं. पायांत बळ आलें; उजवा हात अजून अधू आहे, आणि शब्द हळूहळू, शोधून आणल्यासारखे येतात. औषधानें किती दिलें आणि आमच्या विलंबानें किती नेलें, याचा हिशेब कोणालाच करतां येणार नाहीं. पांच महिन्यांनंतर एका संध्याकाळीं ओसरीवर आम्ही दोघेच बसलों होतों. त्या दिवसाचा विषय निघाला. आम्हीं आमचा घोटाळा, पुतण्याचा दूरध्वनि, बहिणीचें रडणें, सगळें सांगितलें. अण्णा बराच वेळ थांबले आणि एकेक शब्द जोडीत म्हणाले, 'सगळ्यांना विचारलंस. मला नाहीं विचारलंस.'

आम्ही चमकलों. 'तुम्हांला कळत होतं?' असें विचारतां त्यांनीं मान हलविली. डॉक्टरांचें बोलणें त्यांच्या उशाशींच झालें होतें, आणि तें सारें त्यांनीं ऐकलें होतें. 'दे' हा एकच शब्द त्यांना म्हणावयाचा होता. तो तोंडांतून येईना. डावा हात चांगला होता. तो हात हातांत घेऊन 'इंजेक्शन द्यायचं का? द्यायचं असेल तर हात दाबा' एवढें कोणी म्हटलें असतें, तर त्यांनीं तो दाबला असता. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पक्षाघातांत बोलण्याची शक्ति जाऊन समजण्याची शक्ति पुष्कळ अंशीं शाबूत राहूं शकते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकांत पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याच्या काळापासून शास्त्राला ठाऊक आहे. आम्हांलाहि ती पुस्तकांतून ठाऊक होती. ज्याची वाचा गेली त्याची इच्छाहि गेली, असें आम्हीं न विचारतां गृहीत धरलें. आमचा सर्वांत मोठा अपराध तो विलंब नव्हे, हा आहे. मुक्याचा होकार कोणीं द्यावा, या प्रश्नाचें पहिलें उत्तर असें कीं, आधीं त्या मुक्यालाच विचारावें. सर्वच रोगी उत्तर देऊं शकणार नाहींत. पुष्कळांना समजणारहि नाहीं. परंतु विचारण्याला अर्धें मिनिट लागतें.

आतां या प्रश्नाची दुसरी बाजू, जी आम्हांला याहूनहि महत्त्वाची वाटते. आमच्यासमोर तो कागद आला, कारण अण्णा अडीच तासांत नगरला पोंचले. आमचा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, परंतु अकोल्याच्या डोंगरांतून किंवा पाथर्डीच्या वाडीवस्तीवरून निघालेल्या गाडीला अंतर तेवढेंच पडतें. गडचिरोलींतील 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनीं ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणें तपासलीं, तेव्हां सुमारें सातांतील एक मृत्यु पक्षाघाताचा निघाला, आणि अशा मृत्यूंपैकीं बहुतेक घरींच झालेले होते. २०१५ सालीं ही माहिती प्रसिद्ध झाली. त्या घरांतून संमतीचा कागद कोणी नेलाच नाहीं. होकार कोणीं द्यावा हा वाद घालण्याचें भाग्यसुद्धां शहराजवळच्याच माणसाला लाभतें.

म्हणून हृदयाचीं औषधें मेंदूचें रक्षण करतात तें मुख्यतः झटक्याच्या आधीं, हें विसरून चालणार नाहीं. आणि या कार्यांत आपल्या मुंबईचा वांटा मोठा आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं आपल्या वैद्यांना पूर्वापार परिचित असलेल्या सर्पगंधेचा रक्तदाबावर काय परिणाम होतो तें रोग्यांवर नीट पडताळून पाहिलें, आणि १९४९ सालीं आपला निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें प्रसिद्ध केला. तिच्यांतील रेसर्पिन हें द्रव्य १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें वेगळें काढण्यांत आलें. पुढें अमेरिकेंत तीव्र रक्तदाबाच्या १४३ माजी सैनिकांवर जी प्रसिद्ध परीक्षा झाली, तींतील तीन औषधांपैकीं एक हें रेसर्पिन होतें. १९६७ सालीं निष्कर्ष बाहेर आला: खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर आपत्ति २७ जणांवर आली, खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत दोघांवर. आतां रेसर्पिन मागें पडलें आहे. त्याहून सौम्य गोळ्या स्वस्तांत मिळतात. परंतु धडा तोच राहिला.

तो धडा पाळणें अवघड कां जातें, हें अण्णांच्या 'मला कांहीं होत नाहीं' या वाक्यांत आलेलें आहे. इतर रोगांत दुःख आधीं येतें आणि औषध मागून. येथें औषध आधीं आणि दुःख कधीं येईल तें अज्ञात. दहा वर्षांनंतरच्या ज्या माणसासाठीं आज गोळी घ्यावयाची, तो आपल्याला परका वाटतो. खरें पाहतां आजचा अण्णा हाच त्या पुढच्या मुक्या अण्णाचा पहिला प्रतिनिधि. रोज सकाळची ती लहानशी गोळी म्हणजे त्या मुक्याच्या वतीनें आगाऊ दिलेला होकार होय. आणि त्यासाठीं नगरला येण्याची गरज नाहीं. याच जिल्ह्यांत जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून खेड्यांतल्या, पुष्कळदां निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलें, आणि त्या कार्यासाठीं १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्या हातांनीं गांवचीं बाळंतपणें सुखरूप केलीं, त्या हातांना रक्तदाब मोजण्याचें यंत्र जड होणार नाहीं.

बिट्टीचें विष उद्यां माणसाच्या मेंदूला तारील कीं नाहीं, हें शास्त्रज्ञ ठरवितील. आमच्या हातीं त्याहून साध्या गोष्टी आहेत. ज्यांच्या घरीं वडील माणसें आहेत, त्यांनीं त्यांच्याशीं एकदां बोलून ठेवावें: असा प्रसंग आला तर तुमची इच्छा काय? हें बोलणें अशुभ नव्हे. आम्हीं तें आतां केलें आहे. गेल्या दिवाळींत आम्हीं मुलाला जवळ बसवून आमच्या मनांतलें सांगितलें. तो वर पाहीना, परंतु त्यानें ऐकलें. अण्णा समोरच बसले होते. आमचें बोलणें संपल्यावर त्यांनीं डाव्या हातानें खिशांतली गोळ्यांची पट्टी काढली, तिच्यांतली एक आपण घेतली, आणि आमच्याकडे पाहून विचारलें, 'तुझी घेतलीस?'

आम्हीं घेतलेली नव्हती.